बर्फघरामागची एस्तर प्यू

मार्लकोटच्या बागेत मी पहिल्यांदा गेले ती नवऱ्याबरोबर, आणि परत आले ती चोर होऊन. हे एवढं एक वाक्य लिहायला मला बेचाळीस वर्षं लागली, तेव्हा वाचणाऱ्याने ते जरा दमाने वाचावं.

आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. फेब्रुवारीतले दोन रविवार मार्लकोट हॉल या जुन्या वाड्याचं फाटक खास स्नोड्रॉप बघण्यासाठी उघडतात. सगळीकडे चिखल, झाडं उघडीबोडकी, आणि बर्फघराच्या, म्हणजे पूर्वी बर्फ साठवायच्या तळघराच्या, उतारावर ही इवली पांढरी फुलं माना खाली घालून उभी. आमच्याकडची माणसं ती बघायला गमबूट घालून रांगा लावतात. नोव्हेंबरपासून राखाडी आभाळाखेरीज काही पाहिलं नसलं, की बोटभर फूलही पुरतं माणसाला.

सिरिल, म्हणजे माझा नवरा, वजनमाप खात्यात निरीक्षक होता. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे आणि खोटा निघाला तर खटला भरायचा, हे त्याचं काम. माझ्या सख्ख्या मामाचं खाटकाचं दुकान होतं. त्याच्या तराजूत अर्ध्या औंसाची खोट निघाली तेव्हा सिरिलने मामावर खटला भरला, आणि त्याच रविवारी ठरल्याप्रमाणे त्याच्याकडे जेवायलाही गेला. मामीने त्याच्या ताटात बरोबर अर्धा औंस मटण वाढलं. सिरिलने ते मुकाट्याने खाल्लं आणि उठताना छान झालंय म्हणून सांगितलं.

तर अशा माणसाची बायको त्या रविवारी बर्फघराच्या मागच्या बाजूला एकटीच उभी होती. तिथे एका कोपऱ्यात वेगळा पुंजका होता आणि त्याच्यापुढे जस्ताची पाटी: ‘एस्तर प्यू. फक्त मार्लकोट येथे.’ साध्या स्नोड्रॉपच्या देठाशी हिरवी बोंडी असते. एस्तरची पिवळी, लोण्यासारखी. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या हेड माळ्याच्या बायकोला, एस्तर प्यूला, कपडे वाळत घालताना ती सापडली म्हणतात. जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. मी वाकले, मऊ मातीत दोन बोटं घातली आणि एक कंद पानाफुलासकट उपटून हातमोज्यात सरकवला. कारण विचाराल तर सांगण्याजोगं काही नाही. मला ती हवी होती, बस्स.

घरी येऊन ती कुंडीत लावत होते तेवढ्यात सिरिल मागे येऊन उभा राहिला.

“हे काय?”

“स्नोड्रॉप.”

“ते दिसतंय मला. कुठून आला?”

“अरे, एकच तर आहे!”

“प्रत्येक दुकानदार हेच म्हणतो, एनिड. एकच तर औंस.”

मग तो तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलला. मीठ दे. दार लावून घे. परत करून यायचं, एवढा एकच धोशा. मी म्हटलं, मला मिस्टर कॉबोल्डपुढे उभं केलंस तर तिथल्याच तळ्यात उडी घेईन. कॉबोल्ड म्हणजे तेव्हाचे हेड माळी. दारासारखा माणूस. हॉलच्या मालकीणबाईसुद्धा फुलदाणीसाठी फुलं तोडायची तर आधी त्यांना विचारायच्या, आणि नाही म्हटलं तर गप्प परत जायच्या.

मार्चमधल्या एका शनिवारी सिरिलने दाढी केली, टाय लावला आणि कुठे जातो ते न सांगता बाहेर पडला. दुपारी आला तो बराच वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. म्हणाला, “या वर्षी उशीर झाला. पुढच्या वर्षी बघू. तोवर नीट सांभाळ.” आणि स्वतःच कुदळ घेऊन आमच्या परसातल्या हेझलच्या झाडाखाली खड्डा खणला. मला वाटलं, फाटकापर्यंत गेला असेल आणि धीर झाला नसेल. धीर माझ्यातही नव्हता.

पुढच्या फेब्रुवारीत तीन फुलं आली. मग सात. मग एकोणीस. दरवर्षी सिरिल गुडघ्यांखाली पोतं घेऊन हेझलखाली बसायचा, एकेक फूल पेन्सिलीच्या टोकाने मोजायचा आणि आत येऊन म्हणायचा, “एनिड, परत करायचीय हं ती.” मी म्हणायची, “पुढच्या वर्षी.” मग तो चहा प्यायचा. लोकांच्या घरी नाताळ यायचा तसा आमच्याकडे हा संवाद यायचा.

मार्लकोटला मात्र आम्ही जायचं सोडलं नाही. वर्षाचा पास काढला आणि दर गुरुवारी जात राहिलो. एप्रिलमध्ये डॅफोडिल, मे महिन्यात ओकच्या झाडांखाली निळ्या फुलांचा गालिचा, जूनमध्ये भिंतीवरचे गुलाब, ऑगस्टमध्ये आलुबुखारांवर घोंगावणाऱ्या गांधीलमाशा. प्रत्येक वेळी बर्फघरावरून जाताना सिरिल त्या जस्ताच्या पाटीपुढे टोपी काढायचा. जुलैत तिथे नुसती माती असते, फूल नाही की पान नाही, तरी काढायचा. मला वाटायचं, मला टोचायला करतो. एकदा मी म्हटलंही, “बाईची ओळख तरी करून दे!” तो नुसता हसला.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सिरिलने अंथरूण धरलं, आमचं मार्लकोटला जाणं थांबलं, आणि नोव्हेंबरात तो गेला. पंचायतीने त्याचं पितळी एक पौंडाचं वजन गावच्या सभागृहात काचेआड लावलं. खाली लिहिलं: ‘सिरिल प्रॉसर. कमी नाही, जास्त नाही.’ मी त्याच्याखालून रोज जाते. आमच्या गावात एखाद्याने पावाच्या दुकानात मोड परत केली तरी म्हणतात, अगदी प्रॉसरच आहेस. एवढं नाव त्याने मागे ठेवलं. आणि हेझलखाली त्या नावाला बट्टा लावत दरवर्षी शंभरावर फुलं उमलत होती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एकटीच गेले. बर्फघरापाशी आता छान सपाट वाट झालीय, ढकलखुर्चीवाल्यांसाठी आणि माझ्यासारख्या काठीवाल्यांसाठी. मी त्या वाटेने मागे गेले तर बेथन गुडघ्यांवर बसलेली. बेथन म्हणजे आताची हेड माळी. पंचेचाळिशीची आहे, हात खडबडीत, जीभ गोड. तिच्यापुढे काहीच नव्हतं. मातीसुद्धा नव्हती, वाटेची खडी होती.

“मिसेस प्रॉसर,” ती म्हणाली, “एस्तर गेली.”

“गेली म्हणजे?”

“ऑगस्टमध्ये वाट केली तेव्हा. जमिनीवर काही दिसतच नव्हतं ना. पाटी कावळ्यांनी उपटून टाकली असणार, ते दरवर्षी टाकतात. यंत्राने खरवडून सगळी माती ट्रकमध्ये. कुठे नेली, तेही कुणाला ठाऊक नाही. नकाशावर सही माझीच आहे.”

“अगं, पण इतर कुणाकडे...”

“कुणाकडेच नाही. प्यूपासून सात हेड माळी झाले, सातही जणांनी सांभाळली. आठव्या बाईने खडीखाली घातली.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या घरी त्या क्षणी एकशे दहा फुलं उभी होती. मी म्हटलं, “आज वारा फार आहे नाही?”

चहाच्या खोलीत मार्जरी होती. ती फाटकावर पास तपासते आणि उरलेल्या वेळात अख्ख्या तालुक्याची खबर ठेवते. माझी शाळेपासूनची मैत्रीण. माझ्यापुढे स्कोन, म्हणजे साय-जॅम लावून खायचा गोडसर पाव, ठेवत म्हणाली, “ऐकलंस ना? बेथन पार खचलीय गं. मी म्हणते, इतकी वर्षं एवढे चोरटे येतात, कुणी खिशात कात्री घालून, कुणी छत्रीत रोपं लपवून. एखाद्याने ही एस्तर चोरली असती तर आज वाचली असती!”

“असं कुणी चोरतं का,” मी म्हटलं, आणि स्कोनवर एवढी साय थापली की खालचा जॅम दिसेना.

“चोरलं असतं ना, तर मी त्याचा मुका घेतला असता,” मार्जरी म्हणाली. “आणि मग पोलीस बोलावले असते.”

आता कुणी म्हणेल, एक कुंडी गुपचूप फाटकाशी ठेवून यायची की. आमच्या गावात कुंडी ओळखतात. कुंडीला बांधलेली सुतळीसुद्धा ओळखतात. आणि मी जाऊन सांगितलं असतं, की चोरी माझी, सिरिलची नाही, तर पुढचा प्रश्न ठरलेला: एकेचाळीस वर्षं सिरिलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली फुलत होती आणि सिरिलला पत्ता नाही? वजनाखालची ती ओळ मग कुणी सरळ चेहऱ्याने वाचली असती? माझ्या नावाचं मला एवढं नव्हतं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला लोक काय करणार, पास काढून घेतील. पण सिरिलला बोलता येत नव्हतं, आणि त्याच्या वतीने बोलणारी मी एकटी होते.

स्नोड्रॉप हलवायचे ते फूल ओसरल्यावर, पान हिरवं असताना, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. मार्चमध्ये मी तीनदा खुरपं घेऊन हेझलखाली गेले आणि तीनदा परत आले. एप्रिलमध्ये पानं आडवी झाली. मे महिन्यात पिवळी पडून गेली, आणि मला चक्क हायसं वाटलं. आता या वर्षी काही करता येणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. पुढच्या वर्षी. सिरिलशी बोलायची सवय अशी जाते थोडीच.

जूनमध्ये भिंतीवरचे गुलाब असे काही आले होते की लोक बोलायचे थांबत होते. बेथन त्यांच्याखाली उभी राहून सुकलेली फुलं कापत होती. मी विचारलं, “खूश आहेस की नाही आता?”

“मी जातेय, मिसेस प्रॉसर.”

“सुट्टीवर?”

“नोकरी सोडून. अजून कुणाला बोलले नाहीये. एखादा कंद मातीत कडेला राहून गेला असेल, तर फेब्रुवारीत वर येईल. तेवढी वाट बघणार. नाही आला तर मार्चमध्ये राजीनामा.”

“एका फुलासाठी?”

तिने कात्री मिटली. “तुमचे मिस्टर असते तर त्यांना कळलं असतं. आपल्या ताब्यात दिलेली गोष्ट कमी भरली, की माणसाने काय करायचं असतं ते.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण घरी जाताना तिचं ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं: एखादा कंद कडेला राहून गेला असेल. तर मग राहू दे की! झोपलेले कंद वाटेच्या कडेला नेऊन पुरायचे. फेब्रुवारीत आपोआप वर येतील. बेथनला वाटेल, तिचाच राहिला होता. मार्जरीला बोलायला विषय मिळेल. सिरिलचं वजन काचेआड चकाकत राहील. आणि मी चहा पीत बसेन. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्या संध्याकाळी मी आल्याचा केक केला आणि एकटीने अर्धा संपवला.

ऑक्टोबरमध्ये मार्लकोटला सफरचंदांचा दिवस असतो. सगळी माणसं फळबागेत, रस काढायच्या यंत्राभोवती. बाकी बागेत शुकशुकाट आणि पायाखाली बीचच्या झाडांची तांबूस पानं. मी हेझलखालून बारा कंद काढले होते. ते सिरिलच्या वजनांच्या लाकडी पेटीत ठेवले. आत हिरव्या मखमलीत एकेका वजनाचा खळगा आहे. एकेका खळग्यात दोन-दोन कंद नीट बसले. पेटी पिशवीत घालून मी बर्फघरामागे गेले. गुडघे टेकले. खुरपं चालवलं. सहा लावून झाले होते तेवढ्यात मागून आवाज आला.

“मिसेस प्रॉसर, काय काढताय?”

मी मागे वळूनही पाहिलं नाही. “काढत नाहीये.”

“मग?”

“लावतेय.”

ती पुढे येऊन उभी राहिली. मला आता उठायचं होतं, निदान दोन पायांवर उभं राहून बोलायचं होतं, पण गुडघे ऐकेनात. चोरी करताना वयाच्या चौतिसाव्या वर्षी चटकन उठता येतं. परत करताना येत नाही. शेवटी बेथननेच मला काखेत धरून उठवलं आणि बर्फघराच्या पायरीवर बसवलं. मग तिने पेटीतला एक कंद उचलून तळहातावर ठेवला. झोपलेला कंद कुठलाही असो, दिसतो सारखाच.

“हे काय आहे?”

“एस्तर,” मी म्हटलं.

आणि सगळं सांगितलं. हातमोजा, हेझल, एकशे दहा फुलं, हुशारी, केकसुद्धा. तिने कंद परत खळग्यात ठेवला. फळबागेकडून बँडचा आवाज येत होता.

“फेब्रुवारीपासून,” ती म्हणाली. “फेब्रुवारीपासून दर गुरुवारी तुम्ही येताय. माझ्याशी वाऱ्यावर बोलताय. माझ्यासमोर बसून स्कोन खाताय. मी नोकरी सोडतेय म्हणून सांगितलं, तेव्हा ‘एका फुलासाठी?’ म्हणून विचारलंत.”

“हो.”

“चोरीचं मला काहीच वाटत नाही, कळतंय का तुम्हाला? चोरीसाठी एक वेळ मी तुमचे पाय धरीन. पण आठ महिने?”

मी रडले नाही. रडणं सोपं झालं असतं. म्हटलं, “सिरिलच्या नावासाठी केलं गं. त्याला काही माहीत नव्हतं.”

“एकेचाळीस वर्षं?”

“त्याला फुलांतलं काही कळायचं नाही. पांढरं फूल म्हणजे पांढरं फूल.”

दरवर्षी पेन्सिलीने मोजणाऱ्या माणसाबद्दल मी हे बोलत होते. बेथनने माझ्याकडे पाहिलं आणि तो विषय तिथेच सोडला.

“बाहेरचा कंद मला असा बागेत घेता येत नाही,” ती म्हणाली. “कसली कीड असेल, काय असेल. हे सहाही आता वर काढणार. कुंडीत, काचेच्या पेटीत, वेगळे ठेवणार. पिवळं फूल आलं, तर ती एस्तर. तोवर मी कुणाला बोलणार नाही, आणि तुम्हाला माफही करणार नाही. साल कोणतं म्हणालात?”

“चौऱ्यांशी. फेब्रुवारीचा दुसरा रविवार.”

तिने ते हाताच्या मागे पेनाने लिहिलं. मग म्हणाली, “चला, चहा घ्या. थंडी वाजतेय तुम्हाला.” माफ न करतासुद्धा चहा देता येतो, आमच्याकडे बहुतेकदा तसाच देतात.

डिसेंबर-जानेवारी फाटक बंद असतं. मी घरात बसून राहिले. सिरिलच्या खुर्चीकडे बघून दोनतीनदा म्हटलं, “परत केली हं.” पण ते तितकंसं खरं वाटेना. फूल आलं नाही तर काय, याचीही धास्ती होती. काही कंद हलवले की रुसतात आणि वर्षभर तोंडच दाखवत नाहीत. तसं झालं तर मार्चमध्ये बेथन जाणार होती, आणि ती का गेली हे जगात मला एकटीला ठाऊक असणार होतं.

या फेब्रुवारीत दुसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. “या,” एवढंच म्हणाली.

काचेच्या पेटीत बारा कुंड्या होत्या. नऊ नुसत्या पानांच्या. तिघींना फुलं होती. माना खाली, आणि देठाशी लोण्यासारखी पिवळी बोंडी. बेथनने एका फुलाखाली बोट धरून ते अलगद वर केलं, जसं लहान मुलाची हनुवटी वर करतात. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवतही नव्हती.

“आता जाणार नाहीस ना?” मी विचारलं.

“कुठे जातेय! आधी बसा. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.”

तिच्या टेबलावर एक जाड, डाग पडलेली वही होती. मिस्टर कॉबोल्डची रोजनिशी. हेड माळ्यांच्या अशा रोजनिश्या वरच्या माळ्यावर पेटाऱ्यांत भरून ठेवलेल्या आहेत, शंभरावर. एस्तर गेली तेव्हा बेथनने त्या चाळल्या होत्या, पण त्यात नेमकं काय आणि कुठे बघायचं तेच कळत नव्हतं. आता तिला साल मिळालं होतं, म्हणून तिने त्या वर्षीचं पान न् पान वाचलं.

“फूल कसं दिसायचं, त्याचं वर्णन मिळतंय का बघत होते,” ती म्हणाली. “हे मिळालं. मार्चचा शनिवार.”

अक्षर चौकोनी, पेन्सिलीचं. मी चष्मा पुसला आणि वाचलं.

‘सकाळी धुकं. वाटाणे पेरले. वजनमापवाले प्रॉसर आले, टाय लावून. म्हणाले, गेल्या महिन्यात एस्तरचा एक कंद मी स्वतः उपटला, शिक्षा द्या. कान लाल, नजर बुटांवर. म्हटलं, परत आणू नका. एका जागी असलेली वस्तू कधीतरी जाते. दुसरीकडेही असू दे. कुणाला बोलू नका, बायकोलासुद्धा नाही, नाहीतर उद्या अख्खा गाव हातमोजे घेऊन येईल. दरवर्षी किती फुलं आली तेवढं कळवा. त्यांनी वचन दिलं.’

खाली एक ओळ होती, जरा तिरकी.

‘खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्याला. उपटला बायकोने. मी बर्फघराच्या दारातून पाहिलं. हात चांगला आहे तिचा, मूळ तुटू दिलं नाही.’

मी ते तीनदा वाचलं. बेथनने पुढच्या वर्षांच्या वह्यांत चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या. दर फेब्रुवारीत एक ओळ. ‘प्रॉसर: तीन.’ ‘प्रॉसर: सात.’ ‘प्रॉसर: एकोणीस. खूश होते.’ कॉबोल्ड निवृत्त झाले तिथे त्या ओळी संपत होत्या. नंतरच्या माळ्यांनी त्या वाचल्या नसाव्यात, आणि सिरिलला वाटत राहिलं असणार की नोंद आहे, आता आपण बोलायची गरज नाही.

मला पहिल्यांदा आला तो राग. भयंकर राग आला. चाळीस वर्षं या माणसाने मला चोर म्हणून वागवलं! दर फेब्रुवारीत पोत्यावर बसून, फुलं मोजून, “परत करायचीय हं” म्हणून बजावलं, आणि स्वतः वचन देऊन मोकळा! त्या पाटीपुढे टोपी काढायचा, ते मला टोचायला नव्हतंच. आम्ही एस्तरचे राखणदार होतो आणि ते त्याला एकट्याला माहीत होतं. मी म्हटलं, “म्हातारा माझ्या हातात सापडायला हवा होता!” आणि मग मला त्याचे लाल कान दिसले. कॉबोल्डच्या दारासारख्या छातीपुढे उभा राहून, टाय लावून, माझ्यासाठी बोललेला. सख्ख्या मामाला अर्धा औंस सोडला नव्हता त्याने. मी तिथेच बेथनच्या टेबलावर डोकं टेकून रडले. या वेळी सोपं नव्हतं.

बेथनने रुमाल दिला. त्याला मातीचा वास होता. “तुम्हीसुद्धा मला सांगितलंत, त्यांना काही माहीत नव्हतं म्हणून,” ती म्हणाली. “जोडी बरी जमली होती तुमची.”

“माफ केलंस का मला?”

“अर्धं. उरलेलं हेझलखालचे कंद आणाल तेव्हा. थोडे तिकडेच ठेवा मात्र. दुसरीकडेही असू दे.”

दुसऱ्या दिवशी रविवार. तिन्ही कुंड्या चहाच्या खोलीत मधल्या टेबलावर ठेवल्या होत्या आणि गमबुटांची रांग दारापर्यंत गेली होती. बेथनने मला विचारलं होतं, लोकांना काय सांगायचं, पाटीवर काय लिहायचं. ती म्हणाली होती, माझ्या तोंडून काही निघणार नाही. एक कंद कडेला राहून गेला होता, म्हटलं तरी चालेल, लोक विश्वास ठेवतील. मी विचार करते म्हटलं होतं.

मार्जरीने माझ्यापुढे स्कोन ठेवला आणि खाली वाकली. “एनिड, ही बया एकदम आली कुठून गं? बेथन ताकास तूर लागू देत नाहीये.”

मी आजूबाजूला पाहिलं. अर्धा गाव होता. पंचायतीतले दोघेही होते, ज्यांनी ते वजन काचेआड लावलं. मी काठी टेकून उठले. या वेळी गुडघ्यांनी ऐकलं.

“मी चोरली होती,” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. “चौऱ्यांशी साली, बर्फघरामागून, हातमोज्यात घालून. मी, एनिड प्रॉसरने.”

कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत पडला. मार्जरीचं तोंड उघडंच राहिलं. मग शेजारच्या टेबलावरून पंचायतीतल्या म्हाताऱ्याने विचारलं, जपून, आणि मला माहीत होतं कुणीतरी हे विचारणारच: “आणि सिरिल? सिरिलला माहीत होतं?”

“होतं,” मी म्हटलं. “तो कॉबोल्डकडे गेला आणि सांगून आला की चोरी त्याने केली. आयुष्यात एकदाच खोटं बोलला माझा नवरा, आणि तेही त्याला जमलं नाही.”